वर्धा रोडचे तीन मजले आणि मगनवाडीचा हिशेबनीस

१/
नागपुरातून वर्ध्याकडे निघणाऱ्या रस्त्याला नागपूरकर ‘वर्धा रोड’ म्हणतात. या रस्त्यावर आज एकावर एक अशा तीन वाटा आहेत. जमिनीवर जुना रस्ता, त्यावर महामार्गाचा उड्डाणपूल आणि त्याच खांबांवर सर्वांत वर मेट्रो. ३.१४ किलोमीटर लांबीच्या या बांधकामाची २०२२ मध्ये गिनीज विक्रमांत नोंद झाली. विक्रमाच्या प्रमाणपत्रावर बांधकामाची लांबी लिहिलेली असते. ते म्हातारे झाल्यावर त्याचे काय करायचे, हे लिहिलेले नसते.

२/
२०२० मध्ये खुल्या झालेल्या पुलाच्या वार्धक्याची चिंता आजच कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तर महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात आहे. हा प्रश्न आज विचारला नाही, तर तो पुढे एखाद्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी विचारला जातो. आणि ज्याने तो वेळेवर विचारला असता, असा एक हिशेबनीस याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, वर्ध्यात, राहत होता.

३/
आधी उड्डाणपुलांची वंशावळ. मुंबईच्या केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल १९६५ मध्ये खुला झाला. देशातील पहिल्या उड्डाणपुलांत त्याची गणना होते. पुढे १९९६ मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले आणि मुंबईत पन्नासहून अधिक उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्या पिढीने आता पंचविशी ओलांडली आहे. त्यानंतर नागपूर आणि पुण्यानेही तोच कित्ता गिरवला.

४/
या पुलांना मरण दोन प्रकारे येते. पहिला प्रकार अकाली मृत्यूचा. नागपूर रेल्वे स्थानकासमोरचा उड्डाणपूल २००८ च्या सुमारास उभा राहिला, त्याखाली महापालिकेची दुकाने थाटली गेली, आणि २०२३ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी तोच पूल पाडायला घेतला गेला. पुण्याच्या विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल जेमतेम दीड दशकाचा असताना जुलै २०२० मध्ये पाडला गेला. कारण तेथे मेट्रोसह नवा दुमजली पूल हवा होता.

५/
भारतीय रस्ते काँग्रेसची संकेतसंहिता सर्वसाधारण पुलासाठी १०० वर्षांचे आयुष्य गृहीत धरते. या दोन पुलांना त्याचा सहावा-सातवा हिस्सासुद्धा मिळाला नाही. काँक्रीट थकले म्हणून ते पडले नाहीत. पंधरा वर्षांपुढचे शहर कसे असेल, याचा अंदाज बांधणाऱ्यांचा विचार थकला होता. त्या चुकीची किंमत पुलाखालच्या दुकानदारांनी आणि करदात्यांनी मोजली.

६/
दुसरा प्रकार दुर्लक्षाने येणाऱ्या मृत्यूचा, आणि तो माणसे घेऊन जातो. महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन बस आणि इतर वाहने त्याबरोबर गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळून सात जणांचा जीव गेला. त्याचीही संरचनात्मक तपासणी झालेली होती.

७/
सावित्रीवरचा नवा पूल मात्र अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. या वेगाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण याच वेगाने एक गोष्ट उघडी पाडली. सामर्थ्य होते, पैसा होता, अभियंते होते. त्यांना कामाला लावण्यासाठी आधी माणसे मरावी लागली.

८/
अंधेरीचा गोखले पूल तर जिवंतपणीच हा धडा शिकवून गेला. जुलै २०१८ मध्ये त्याचा पादचारी भाग रेल्वेच्या रुळांवर कोसळला. संपूर्ण पूल मात्र धोकादायक म्हणून बंद झाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंची जुळत नसल्याचे सर्वांना दिसले. घाईत केलेला उपाय आणि आळसात दवडलेली वर्षे, दोन्ही एकाच कारभाराची अपत्ये असतात.

९/
काँक्रीटचा पूल थकतो कसा? काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. दोन गाळ्यांमधील सांध्यांतून आणि तुंबलेल्या पन्हाळींतून पाणी झिरपते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो आतून काँक्रीट फोडतो आणि वरचे कवच ढलप्यांनी गळू लागते. खालून जाणाऱ्याला दिसते ती ढलपी. दुखणे त्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेले असते.

१०/
विदर्भात त्यात उन्हाची भर पडते. तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर ३० मीटर लांबीचा गाळा सुमारे एक सेंटीमीटर लांबतो वा आखडतो. ही हालचाल सोसण्यासाठीच सांधे आणि गाळ्यांखालच्या बेअरिंगा असतात. त्या झिजतात, त्या पुलाच्या आयुष्यात अनेकदा बदलाव्या लागतात. सांधा बदलणे, पन्हाळ उपसणे, बेअरिंग उचलून पाहणे ही कामे क्षुल्लक दिसतात. त्यांची फीत कोणी कापत नाही, म्हणून ती पुढच्या वर्षावर ढकलली जातात.

११/
आता तो हिशेबनीस. जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकले आणि पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले आणि त्याची धुरा कुमारप्पांनी वाहिली. तुरुंगवासात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. टिकाऊपणाचे अर्थशास्त्र, हा त्याचा विषय.

१२/
निसर्गातील दाखले घेऊन त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या मांडल्या. सर्वांत खालची परोपजीवी, सावज मारून जगणाऱ्या वाघासारखी. तिच्यावर लुटारू, आमराईत शिरून फळे खाणाऱ्या आणि काहीच न पेरणाऱ्या माकडासारखी. मग घरटे विणणाऱ्या पक्ष्याची उद्यमी, मधमाश्यांची सामूहिक, आणि सर्वांत वर पिलांना भरवणाऱ्या पक्षिणीची सेवेची. घेतले किती आणि परत दिले किती, हा या साऱ्या पायऱ्यांचा निकष.

१३/
कुमारप्पांनी उड्डाणपुलांवर लिहिले नाही. त्यांच्या तोंडी ते घालण्याचेही कारण नाही. निकष मात्र लावून पाहता येतो. जो कारभार पुलाचे उद्घाटन, नामफलक आणि विक्रम आज घेतो, आणि त्याची दुरुस्ती पन्नास वर्षांनंतरच्या नागरिकांवर सोडतो, तो आमराईतल्या माकडाच्या पायरीवर बसलेला आहे. हिशेबनिसाच्या भाषेत याला ‘घसारा न धरणे’ म्हणतात. साध्या पिठाच्या गिरणीचा मालकही यंत्राचा घसारा धरतो.

१४/
मगनवाडीपासून काही किलोमीटरवर सेवाग्रामची बापू कुटी आहे. गांधीजी १९३६ मध्ये या गावात, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची ती कुटी आजही उभी आहे. मातीला शतकाची हमी कोणी दिली नव्हती. भिंती लिंपल्या जातात, जमीन सारवली जाते, छप्पराकडे पावसाळ्याआधी पाहिले जाते. मातीच्या घराला देखभाल ही घर बांधण्याचाच एक भाग असते. वैदर्भीय खेड्यातील प्रत्येक घराला हे ठाऊक होते.

१५/
कुटीची तुलना उड्डाणपुलाशी करणे भाबडेपणाचे आहे, हा आक्षेप येईल. आकारमानाची तुलना भाबडी आहेच. पण मग हजारो टन काँक्रीटची जबाबदारी कुटीपेक्षा कमी कशी? कुटी पडली तर पुन्हा बांधता येते. वर्धा रोडवरचा पूल आणि मेट्रो एकाच खांबावर आहेत. उद्या पूल नकोसा झाला, तर तो नागपूर स्थानकासमोरच्या पुलासारखा सुटा काढून फेकता येणार नाही. एकाचे आजारपण दुसऱ्याच्या माथी बांधलेले आहे.

१६/
दुसरे टोक म्हणते, सगळे पूल पाडा. त्यांचा आवडता दाखला सोलचा. चंग्येचन या ओढ्यावर आच्छादन घालून वर उन्नत मार्ग बांधला होता. त्यावरून रोज लाखाहून अधिक वाहने जात. तो गंजला, दुरुस्ती अवाढव्य ठरली. २००३ मध्ये तो पाडायला सुरुवात झाली आणि २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा ओढा शहराला परत मिळाला. वाहतूक कोलमडली नाही. पण त्याच काळात सोलने आपली बससेवा मुळापासून सुधारली होती. शिवाय तेथील फेरीवाल्यांना हुसकावले गेले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

१७/
आणि चालढकलीचा दाखला जिनोआचा. तेथील मोरांदी पूल १९६७ मध्ये खुला झाला. खुद्द रचनाकार रिकार्दो मोरांदी यांनी १९७९ मध्ये गंजाचा इशारा दिला होता. १४ ऑगस्ट २०१८ रोजी तो पूल पडला. ४३ माणसे मेली. इशारा आणि अपघात यांच्यामध्ये ३९ वर्षे होती.

१८/
म्हणून ‘ठेवायचा की पाडायचा’ हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिली मागणी अशी की, प्रत्येक उड्डाणपुलाच्या तपासणीचा अहवाल नागरिकाला वाचता येईल अशा भाषेत खुला असावा. ‘योग्य’ हा एक शब्द पुरत नाही, हे सावित्रीने दाखवले. दुसरी, बांधकामखर्चाबरोबरच घसाऱ्याचा निधी मंजूर व्हावा. तो नसेल तर भूमिपूजन नसावे.

१९/
तिसरी, मोठ्या दुरुस्तीची वेळ आली की तीन गोष्टी मोजाव्यात. वरून कोण जाते, खाली कोण जगते, आणि तेच काम बस वा मेट्रो करू शकते का. उत्तर पुलाच्या बाजूने आले तर तो जपावा, विरुद्ध आले तर खालच्या माणसांची सोय आधी करून तो उतरवावा. दोन्ही निर्णय सन्माननीय आहेत. निर्णय पुरावर किंवा भूकंपावर सोडणे तेवढे अक्षम्य आहे.

२०/
हा प्रश्न नागपूरकरांपुरता नाही. डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून धावतो आहे. त्याचे पूल आज कोरे करकरीत आहेत. त्यांच्या सळयांना पाणी लागेल तेव्हा आज इतिहास वाचणारी पिढी कर भरत असेल. बिलही तिच्याच नावाने निघणार आहे. त्या हिशेबाची वही उघडून दाखवा, असे म्हणण्याचा अधिकार तिला आजच आहे, आणि वर्ध्याच्या मुलांना तर तो मगनवाडीच्या वारशानेच मिळालेला आहे.