कृपादान कागदावर सापडत नाही

अलीकडे काही शिबिरांत कृपादाने ओळखण्यासाठी छापील प्रश्नावली वाटतात. उत्तरांना गुण द्यायचे, बेरीज करायची आणि ज्या दानापुढचा आकडा मोठा ते आपले मानायचे. धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या पाळकांनी आणि सुवार्तिकांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये, असे आम्हांला कळकळीने वाटते. ज्याला कागद वाचता येतो त्यालाच दान सापडणार असेल, तर खेड्यातल्या मंडळीतली कितीतरी म्हातारीकोतारी माणसे बाहेरच राहतील.

यामागे एक जुनी समजूतही आहे. अंगचा गुण तो ऐहिक, आत्म्याचे दान तेवढे पवित्र. शास्त्रात अशी भिंत दिसत नाही. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देव बसालेलाला आपल्या आत्म्याने भरतो, ते सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी आणि लाकडावर कोरीव काम करण्यासाठी. करिंथच्या मंडळीला दाने सांगताना पौलाने रोग बरे करणे आणि अन्य भाषा यांच्या मधोमध साहाय्य आणि व्यवस्था यांना बसवले आहे.

१८९५ साली बाप्तिस्मा घेण्याच्या आधीपासूनच नारायण वामन टिळक कवी होते. बाप्तिस्म्याने त्यांना नवी प्रतिभा दिली नाही, होती तिचा धनी बदलला. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी मराठी मंडळीच्या तोंडी अभंग आणि भजने दिली, ती आपण आजही गातो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, आणि टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले ते त्यांनीच.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेले संजीवन आठवताना आपण अश्रू, पापकबुली आणि अन्य भाषा यांच्याबद्दल बोलतो. त्याच आवारात छापखाना होता, शेती होती, आणि ही कामे बायका-मुली करत होत्या, हे सांगायचे राहून जाते. हे मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी किताब दिले ते संस्कृतच्या व्यासंगासाठी. तीच बुद्धी घेऊन त्या पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली देवाघरी जाईपर्यंत बायबलच्या सोप्या मराठी भाषांतरात गुंतून राहिल्या. संजीवन आत्म्याचे आणि भाषांतर मात्र निव्वळ विद्वत्तेचे, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

आपला जिल्हा गोरोबाकाकांच्या तेरचा आणि तुळजापूरच्या गोंधळाचा. हलगी, संबळ, टाळ इथल्या मुलांच्या हाताला लहानपणीच लागतात. तो हात उपासनेत आला की आपण त्याला कीबोर्ड शिकायला पाठवतो, हे नुकसानीचे आहे. बचत गटाची वही वर्षानुवर्षे चोख ठेवणारी बाई मंडळीच्या जमाखर्चाजवळही दिसत नाही. दसऱ्यानंतर कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या कितीतरी घरांना कुलूप लागते. ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर गेली की ढोलकीवालाही जातो. मग पाळक म्हणतात, मंडळी ओस पडली. पण टोळी सांभाळणाऱ्याला माणसे सांभाळता येतात. त्याला प्रार्थना करून, जबाबदारी देऊन का पाठवू नये? रात्री कोपीपुढे चार घरे एकत्र बसवणे त्याला सहज जमेल.

गुण आहे म्हणून लगेच सेवा सोपवावी, असेही नाही. गोड गळ्याचा माणूस प्रीतीवाचून गाऊ लागला की त्या गाण्यात त्याचीच जाहिरात ऐकू येते, आणि मंडळीला ते फार लवकर कळते. पौलाची कसोटी एकच होती, मंडळीची उन्नती होते की नाही. म्हणून आधी लहान काम द्यावे, वर्षभर पाहावे, चुकले तर प्रेमाने सांगावे. रियाजही हवाच. आत्मा सुचवील म्हणून तयारीवाचून उपदेशाला उभे राहणे हा आम्हांला कृपादानाचा अपमान वाटतो.

यंदा टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक पाळकाने आपल्या मंडळीतल्या घराघरांत जाऊन बसावे. कोणाला काय येते, कोण अडीअडचणीला धावते, कोणाच्या शब्दाने भांडण मिटते, हे शेजाऱ्यांना विचारून वहीत लिहावे आणि पंचांच्या बैठकीत वाचावे. ज्यांची नावे निघतील त्यांना दसऱ्याच्या आत काम नेमून द्यावे.