‘चालायचंच’ म्हणणाऱ्यांनो, आधी तपासा

गरोदर बाईने केशर-दूध प्यावं, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र लावावं, डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसून हसत बसावं, हे शिकवायला अख्खं गाव पुढे येतं. मूळव्याधीतून रक्त पडेल, शिंकताना लघवी सुटेल, रात्री बोटं बधिर होतील, कूस बदलताना जांघेत कळ येईल, हे मात्र कुणी सांगत नाही. तिने तोंड उघडलंच तर उत्तर तयार असतं : ‘या दिवसांत चालायचंच.’ हे उत्तर आळशी आहे आणि धोक्याचंही.

प्रोजेस्टेरॉनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून बद्धकोष्ठ होतो. जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैलावते, म्हणून छातीत जळजळतं. अंगात पाणी साठून मनगटातली नस दाबली जाते, म्हणून बोटांना मुंग्या येतात. यांवर उपाय आहेत : मनगटाला रात्री पट्टा, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, गरोदरपणात चालणारी औषधं. पण ते सांगायचे तर आधी बाईचं ऐकून घ्यावं लागतं.

लोहाच्या गोळ्यांचंच घ्या. सरकारी केंद्रात त्या फुकट मिळतात. त्यांनी शौच काळी होते, बद्धकोष्ठ वाढू शकतो. हे आधी कुणी सांगत नाही. बाई घाबरते, गोळ्या बंद करते आणि हिमोग्लोबिन घसरलं की निष्काळजी म्हणून बोलणीही तीच खाते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत. पण गोळ्यांची पाकिटं हातात देऊन ‘पुढची’ म्हणून हाक मारणाऱ्यांना त्यातून अंग काढून घेता येणार नाही.

माझे आठव्या महिन्यात तळहात-तळपाय रात्रभर खाजायचे. पुरळ नव्हतं. सांगितलं तर ‘कातडी ताणली की खाजतं’ म्हणून माझी बोळवण झाली. पोटाची कातडी ताणते, तळपायाची कशी ताणेल? पुरळाशिवाय तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री सुटणारी खाज हे यकृतातला पित्तप्रवाह अडखळल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी रक्तातली पित्ताम्लं तपासतात. ती लिटरमागे १०० मायक्रोमोलवर गेली, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. मी हट्टाने दुसरीकडे जाऊन तपासणी करून घेतली. उसाच्या फडात पहाटेपासून राबणाऱ्या गरोदर बाईने हा हट्ट कुणापाशी धरायचा? विसाव्या आठवड्यानंतर न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज ही रक्तदाब चढल्याची लक्षणं असू शकतात. तीही ‘चालायचंच’च्या खाली गाडली जातात.

‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही,’ असं घरातल्या वडीलधाऱ्या सांगतात. होतं, मावशी. तुम्हालाही कुणी विचारलं नाही.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते. त्याच टेबलावर, आणि प्रत्येक खासगी दवाखान्यातही, विचारा : शौचाला त्रास होतो का? लघवी सुटते का? खाज येते का? कुठे दुखतं? उत्तरं तिच्या कार्डावर लिहा. याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. जो डॉक्टर एवढंही विचारत नाही, त्याने बाईला तपासलं असं मी मानत नाही.