विश्लेषण : अडीच हजार छर्‍यांची ‘मशीनगन’ खेळणे की शस्त्र?

दिसायला लष्कराची लाइट मशीनगन, आत मात्र प्लास्टिकचे छर्रे. ‘एअरसॉफ्ट’ या खेळातील अशा प्रतिकृतींचे व्हिडीओ मोबाइलवर सर्रास दिसतात. मग प्रश्न येतात : हे आपल्याकडे बाळगता येते का? किती छर्रे भरायला परवानगी आहे? परवाना लागतो का? पनवेलकरांना हे प्रश्न जरा जास्त जवळचे आहेत. परदेशी माल उतरवणारे न्हावा शेवा बंदर शेजारच्या उरण तालुक्यात आहे आणि एअर रायफलच्या नेमबाजीत देशात नाव कमावलेले केंद्र खुद्द पनवेलमध्ये. पण कायद्याकडे पाहिले तर ‘किती छर्रे’ हा प्रश्नच तिथे बिनमहत्त्वाचा ठरतो.

या बंदुकीत छर्रे मावतात तरी किती?

एअरसॉफ्टचा छर्रा सहा मिलिमीटर व्यासाचा, वजनाने बहुधा ०.२० ग्रॅम. साध्या रायफलच्या मॅगझिनमध्ये शंभर-सव्वाशेपासून तीनशेपर्यंत छर्रे बसतात. लाइट मशीनगनच्या प्रतिकृतीला खाली पेटीसारखे मॅगझिन लावतात. त्यात दीड ते अडीच हजार छर्रे ओततात आणि बॅटरीवरची छोटी मोटर ते वर ढकलत राहते. आपल्या लष्कराच्या इन्सास लाइट मशीनगनचे मॅगझिन ३० गोळ्यांचे असते, यावरून हा आकडा किती फुगलेला आहे ते कळते. सेकंदाला १५ छर्रे या वेगाने अडीच हजारांची पेटी पावणेतीन मिनिटांत रिकामी होते.

परदेशात संघटित खेळांमध्ये छर्‍यांवर मर्यादा असतात, पण त्या आयोजकांच्या. एकाने पेटी भरून आणली की बाकीच्यांना डोके वर काढता येत नाही आणि खेळाची मजा जाते. म्हणून रायफलवाल्याला कमी छर्रे, मशीनगनवाल्याला जास्त, पण त्याने अमुक अंतराच्या आत झाडायचे नाही, अशी वाटणी होते. सरकारचा त्याच्याशी संबंध नसतो.

मग भारतीय कायदा काय मोजतो?

तो जोर मोजतो आणि नळीचा व्यास मोजतो. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवेच्या बंदुकीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपेक्षा जास्त आहे, किंवा जिचा बोअर ०.१७७ इंचापेक्षा म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, तिला परवाना लागतो. छर्रे किती मावतात याचा यात उल्लेख नाही.

आता गंमत पाहा. ०.२० ग्रॅमचा प्लास्टिक छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा होते बरोबर एक ज्यूल. म्हणजे सवलतीच्या मर्यादेचा विसावा भाग. पण व्यास? सहा मिलिमीटर. शब्दशः वाचले तर शिशाचा छर्रा २० ज्यूलने मारणारी बंदूक परवान्याविना चालते आणि एक ज्यूलची प्लास्टिकची बंदूक व्यासापायी अडकते. साडेचार मिलिमीटरची अट धातूच्या छर्‍यांसाठी ठीक आहे, कारण तिथे मोठा बोअर म्हणजे बहुधा जड छर्रा. हलक्या प्लास्टिकच्या बाबतीत हे गणित जुळत नाही.

चाप दाबून धरला तर?

खरी अडचण इथे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘अग्निशस्त्र’ याची व्याख्या फक्त बारुदापुरती नाही. स्फोटकाने किंवा अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेने काहीही फेकणारे शस्त्र तिच्यात बसते. दाबलेली हवा ही अशी ऊर्जाच. याच कायद्यातील ‘प्रतिबंधित शस्त्र’ म्हणजे चापावर दाब असेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत मारा सुरू ठेवणारे अग्निशस्त्र. एअरसॉफ्टची लाइट मशीनगन नेमके हेच करते. मॅगझिन तीस छर्‍यांचे की अडीच हजारांचे, यावर व्याख्या गप्प आहे. महत्त्व आहे ते न थांबता होणार्‍या मार्‍याला.

हा मुद्दा केवळ वकिली कीस काढण्यापुरता नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल चौदा वर्षे आहे. विकणार्‍याला दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

पण हे तर खेळणे आहे!

बचावही त्याच कायद्यात आहे. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतून काठी, साधी हातकाठी आणि खेळण्याखेरीज अन्य उपयोग होऊच शकत नाही, वा जिचे कामाच्या शस्त्रात रूपांतर करता येत नाही अशी वस्तू वगळली आहे. मुळात ‘शस्त्र’ नसेल तर ‘अग्निशस्त्र’ही नाही आणि ‘प्रतिबंधित’ही नाही. मऊ गोळ्यांची बंदूक, पिचकारी, टिकल्यांचे पिस्तूल हे सहज सुटतात. एक ज्यूलचा टणक छर्रा उघड्या डोळ्यावर बसला तर डोळा निकामी होऊ शकतो. एअरसॉफ्टमध्ये संरक्षक चष्म्याशिवाय मैदानात उतरू देत नाहीत ते याचमुळे. अशी वस्तू ‘खेळण्याखेरीज काही नाही’ असे ठामपणे म्हणणे अवघड जाते. एका टोकाला खेळणे, दुसर्‍या टोकाला सात वर्षांची कैद आणि मध्ये पायरी नाही, ही आपल्या कायद्याची उणीव आहे.

जपान आणि ब्रिटनने काय केले?

एअरसॉफ्ट जन्मला जपानमध्ये, जिथे खरी बंदूक मिळणे जवळपास अशक्य. तिथे २००६ मध्ये कायदा बदलून छर्‍याच्या आकारमानाच्या प्रमाणात मर्यादा घातली : प्रति चौरस सेंटिमीटर साडेतीन ज्यूल. सहा मिलिमीटरच्या छर्‍यासाठी ती साधारण ०.९८ ज्यूल येते. याच मापाने आपली २० ज्यूलची साडेचार मिलिमीटरची एअर रायफल मोजली तर आकडा सव्वाशेच्या पुढे जातो, म्हणजे जपानी मर्यादेच्या पस्तीसपट.

ब्रिटनने २०१७ मध्ये वेगळी वाट घेतली. सलग मारा करणार्‍या एअरसॉफ्ट बंदुकीला १.३ ज्यूल, एकेक छर्रा मारणारीला २.५ ज्यूल. सलग मार्‍याचा धोका तिथेही ओळखला आहे, पण त्याचे उत्तर कैद नसून कमी जोर हे आहे. या दोन्ही देशांच्या मर्यादांत छर्‍यांची मोजदाद नाही. आपल्याकडे अशी स्वतंत्र वर्गवारी करायला काय हरकत आहे, हे समजत नाही.

पनवेलच्या रेंजवरचा हिशेब वेगळा कसा?

पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत ऑलिम्पिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब चालतो. टोकियो आणि पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणार्‍या अवनी लेखरा यांच्या त्या प्रशिक्षक. दहा मीटर एअर रायफलमध्ये मॅगझिन नसतेच. प्रत्येक छर्रा हाताने भरायचा, एकदा चाप, एक छर्रा. पात्रता फेरीत ६० छर्रे, वेळ ७५ मिनिटे. महिलांची फेरी ४० छर्‍यांची होती तेव्हा, २००४ मध्ये, शिरूर यांनी क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. ४० छर्रे म्हणजे एअरसॉफ्ट मशीनगनचे तीन सेकंदही नाहीत. रेंजवरच्या रायफलचा जोर प्लास्टिकवाल्या मशीनगनच्या कितीतरी पट आहे, तरी ती साडेचार मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली आणि एकेक छर्रा मारणारी असल्याने कायद्याच्या चौकटीत सहज बसते.

पोलिसाला काय दिसते?

एवढे कायद्याचे झाले. रस्त्यावर बंदूक दिसते तेव्हा कुणी ज्यूल मोजत नाही. अमेरिकेत अशा प्रतिकृतींच्या नळीला नारिंगी टोक बंधनकारक आहे. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलँडच्या एका उद्यानात तामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने मरण पावला. त्याच्याकडची एअरसॉफ्ट पिस्तुलाची प्रतिकृती पोलिसांना खरी वाटली. तिचे नारिंगी टोक निघालेले होते. त्यात छर्रे किती होते हे तेव्हा कुणीच विचारले नाही.

विकत घेण्यापूर्वी काय पाहावे?

१ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणार्‍या खेळण्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ‘टॉय गन’ म्हणून विकतात आणि चिन्ह नाही, तर ती खेळणे म्हणूनही नियमात बसत नाही. परदेशी संकेतस्थळावरून मागवणे अधिक धोक्याचे : सीमाशुल्क विभागाने ती शस्त्र मानली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १० नुसार आयातीला परवाना लागतो आणि ‘मला खेळणे वाटले’ हे पार्सल अडकल्यावर सांगावे लागते. मांडणीसाठी घेतलेली प्रतिकृतीही विमानात हातातल्या सामानात नेता येत नाही. पनवेल तालुक्यातल्या नवी मुंबई विमानतळावरही हाच नियम.

शंका असेल तर विचारायचे कुठे, यातही पनवेलकर चुकतात. पनवेल रायगड जिल्ह्यात असले तरी शहराचा पोलीस कारभार नवी मुंबई आयुक्तालयाकडे आहे. त्यामुळे शस्त्र परवान्याची चौकशी अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात नव्हे, तर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत करावी लागते. चौकशीला जाताना वस्तू बरोबर नेऊ नये. तिच्या पेटीवरील माहितीचा फोटो पुरतो.