फरक राहू द्यावा

१९९०च्या सुमारास मी अकोल्यात एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. आमचे हेडकॅशियर ख्रिस्ती, माझ्याहून वयाने बरेच मोठे. एका संध्याकाळी तिजोरीला किल्ल्या लावून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "साहेब, पोरगं इचारते, चौघाईतला खरा कोन? काय सांगू त्याले?"

चौघे म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान. कॉलेजातल्या कुणा मित्राने मुलाच्या हाती बायबलमधल्या विसंगतींची यादी दिली होती. यहूदाने गळफास घेतला, असे मत्तय सांगतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तो पालथा पडून, पोट फुटून मरतो. येशूच्या कबरीत स्त्रियांना मार्कच्या वृत्तांतात एक तरुण दिसतो, लूकच्या वृत्तांतात दोन पुरुष. योसेफाच्या वडिलांचे नाव मत्तय याकोब सांगतो, लूक एली. बापाकडे उत्तर नव्हते, म्हणून ते रागावले. मुलाने चर्च सोडले आणि घरात दोघांचे बोलणे बंद झाले. मी कथा-कादंबऱ्या लिहितो म्हणून त्यांनी मला विचारले. मी गप्प राहिलो.

आज वाटते, उत्तर आमच्या बँकेतच होते. एका शाखेने आज पाठवलेली रक्कम दुसऱ्या शाखेच्या पुस्तकात चार दिवसांनी दिसे. तोवर फरक दिसे, पण चोरी झालेली नसे. काही वृत्तांतांचे असेच आहे. योहानाच्या वृत्तांतात कबरीकडे मग्दालीया मरीया एकटीच जाते. पण परत येऊन सांगताना ती 'मला' म्हणत नाही, 'आम्हाला' म्हणते. म्हणजे सोबत आणखी कुणी असावे. नीट वाचले की हा फरक मिटतो.

काही फरक मात्र मिटत नाहीत. मग कुणी म्हणतो, यहूदाचा दोर तुटला असेल. कुणी म्हणतो, एक वंशावळ मरीयेकडची असेल. असेलही, पण मजकुरात तसे लिहिलेले नाही. एकदा बॅलन्स जुळेना म्हणून आमच्या एका तरुण कारकुनाने खोटी नोंद टाकली. फरक सस्पेन्स खात्यात राहिला असता, तर पुढे केव्हातरी सापडला असता. खोट्या नोंदीने तो बुजून गेला. श्रद्धेच्या वहीतही अशी नोंद करू नये.

चारांचे एक करण्याची हौस जुनी आहे. दुसऱ्या शतकात तातियानने चारही वृत्तांत गुंफून एकच सलग ग्रंथ केला. सीरियातल्या चर्चमध्ये तो पाचव्या शतकापर्यंत वाचला जाई. शेवटी तिथेही चार वेगळी पुस्तकेच राहिली. आपल्या मराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त ख्रिस्तकथा ओव्यांत सलग सांगितली. पुराणकाराला ते शोभते. साक्षी जपायच्या, तर चौघांना आपापल्या तोंडाने बोलू द्यायला हवे.

हे कळायला वऱ्हाडी माणसाला दूर जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर जवळच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी शिष्यांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यात एखादा प्रसंग कुणाला वेगळा आठवत असेल, तर तीही आठवण सांगणाऱ्याच्या नावासकट नोंदलेली सापडते. अशा वेगळ्या पाठाला महानुभाव 'वासना' म्हणतात. त्यामुळे ग्रंथावरचा विश्वास कमी झाला नाही, वाढलाच. चार साक्षीदार शब्दन् शब्द सारखे बोलू लागले, तर कोणालाही शंका येईल की यांना कुणीतरी पढवले आहे.

हेडकॅशियर आता नाहीत. मुलगा अमरावतीत असतो. त्याचेही केस पिकले. गेल्या वर्षी एका लग्नात भेटला, तेव्हा मी हे सारे त्याला सांगितले. तो थोडा वेळ मंडपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, बाबा तवा नुसतं 'मालेही समजत नाई' म्हनले असते, तरी चाललं असतं."