भरपाईतली टगबोट

सुएझ कालव्यात अडकलेल्या 'एव्हर गिव्हन' या कंटेनर जहाजाच्या मालकाशी झालेल्या तडजोडीत कालवा प्राधिकरणाला किती डॉलर मिळाले, हे जाहीर झाले नाही. आकडा गुप्त ठेवायचा, असेच दोन्ही बाजूंचे ठरले होते. एक गोष्ट मात्र प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी आपण होऊन सांगितली. पैशांशिवाय एक टगबोटही मिळणार होती. 75 टन ओढण्याच्या ताकदीची.

टगबोट म्हणजे मोठ्या जहाजाला दोर लावून ओढणारी, रेटणारी, वाऱ्याने त्याचे तोंड फिरू लागले तर धरून ठेवणारी आखूड, दणकट बोट. 23 मार्च 2021 च्या सकाळी 400 मीटर लांबीचे ते जहाज कालव्यात शिरले, तेव्हा त्याच्या सोबतीला जी नव्हती, ती.

का नव्हती? भरपाईच्या दाव्यात या प्रश्नाला जागा नव्हती. दावा लावणाऱ्याला तो पडण्याचे कारणच नव्हते. तसा नियमच आहे.

सुएझमध्ये शिरायचे तर प्राधिकरणाचा पायलट जहाजावर घ्यावाच लागतो. ताफ्यात कितवे जायचे, किती वाजता निघायचे, पुढच्या जहाजापासून किती अंतर राखायचे, वेग किती ठेवायचा, हे सगळे प्राधिकरण ठरवते. पायलट ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, उभा राहून सुकाणू किती फिरवायचे ते सांगतो, इंजिनाचे सांगतो, आणि सुकाणूवरचा खलाशी तसे करतो. नियमपुस्तिकेत या सांगण्याला नाव आहे सल्ला. पायलट सल्ला देतो, जहाज चालवतो तो कॅप्टन. म्हणून जहाज चालवताना दिवसा वा रात्री जे काही नुकसान होईल, त्याला जबाबदार एकटा कॅप्टन.

सल्ला सक्तीचा, चूक ऐच्छिक.

हे खूळ सुएझनेच काढले असे नाही. बहुतेक बंदरांत अखेरची जबाबदारी कॅप्टनवरच असते आणि त्याला कारण आहे. जहाजाचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. पायलट थोड्या वेळापूर्वी शिडीने वर आलेला असतो. पण मोकळ्या पाण्यात सल्ला पटला नाही तर कॅप्टन इंजिन थांबवील, वळेल, नांगर टाकील. कालव्यात मागून ताफा येत असतो, दोन्ही बाजूंना वाळू असते आणि पाण्याची रुंदी जहाजाच्या लांबीपेक्षा कमी असते. तिथे पायलटला बाजूला सारून सुकाणू हाती घेणारा कॅप्टन कागदावरच सापडायचा. शिवाय ज्या कालव्याचे नाव खलाशांनी पायलटांच्या सिगारेटच्या मागण्यांवरून 'मार्लबोरो कालवा' पाडले, तिथे त्यांच्याशी हुज्जत घालायला कोण धजेल?

पनामाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे पायलट चढला की जहाजाच्या चालीचा ताबा त्याच्याकडे जातो. कॅप्टन बाजूला उभा राहतो. मग पाण्याच्या दरवाजांतून नेताना जहाज घासले, तर नुकसान कालवा प्राधिकरण भरून देते. दरवाजांच्या बाहेर काही घडले आणि चूक आपल्या माणसाची ठरली, तरी तेच भरते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असे आपण म्हणतो. सुएझमध्ये ससा एकाच्या हाती असतो आणि पारधी दुसराच ठरतो.

आता त्या सकाळकडे पाहू. दुसऱ्या दिवशीच्या निवेदनात प्राधिकरणाने कारण दिले ते हवामानाचे. 40 नॉटपर्यंत वारा, उडालेल्या धुळीने दिसेनासे झालेले, त्यामुळे जहाजावरचा ताबा सुटला. 27 मार्चला अध्यक्ष ओसामा राबी पत्रकारांना म्हणाले, की वारा हे मुख्य कारण नव्हे. तांत्रिक किंवा मानवी चूक असू शकते. तीन दिवसांत वारा पडला. त्याला पडावेच लागले. वारा हे कारण मानले, तर त्या वाऱ्यात जहाज आत कोणी सोडले, असा पुढचा प्रश्न उभा राहतो. मानवी चूक म्हटले की तो राहत नाही. नियमाने तो मानव आधीच नेमून ठेवला आहे.

मे महिन्यात प्राधिकरणाच्या चौकशी अधिकाऱ्याने तपशील दिला. जहाजाचा वेग जास्त होता, सुकाणू त्या वेगाशी जुळत नव्हते आणि जहाज सरळ करण्यासाठी कॅप्टनने 12 मिनिटांत आठ आदेश दिले. हे वाक्य पुन्हा वाचावे. ब्रिजवर प्राधिकरणाचे दोन पायलट होते. वाक्यात एकही नाही. त्या 12 मिनिटांत ते दोघे काय सांगत होते? की नेमका तेवढा वेळ सल्ला बंद होता?

वेग जास्त होता, हे खरेच. मर्यादा साधारण ताशी 16 किलोमीटरची, म्हणजे साडेआठ नॉटच्या थोडी वर. जहाज 13 नॉटच्या आसपास धावत होते. जोराच्या वाऱ्यात वेग वाढवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. थरांवर थर रचलेले कंटेनर शिडासारखे वारा धरतात, आणि सुकाणूवर पाणी जोराने आदळले तरच ते जहाजाला वळवते. पण अरुंद, उथळ पाण्यात हाच वेग उलटतो. जहाज पाण्यात आणखी खाली बसते. जवळचा काठ त्याचा मागचा भाग ओढून घेतो आणि नाळ समोरच्या काठाकडे फिरते. तिथून सावरायला सुकाणूपाशी फारसे बळ उरत नाही. टगबोटीपाशी असते.

आणि वेग काही लपून राहत नाही. कालव्याच्या काठाने प्राधिकरणाची रडारे आहेत, जहाजांच्या हालचालीवर नजर ठेवणारा नियंत्रण कक्ष आहे. ते सोडा. जहाजे स्वतःचा ठावठिकाणा आणि वेग सतत प्रसारित करत असतात. घरी बसलेल्या माणसालाही तो मोबाइलवर पाहता येतो. तेव्हा वेग जास्त होता, हा आरोप फक्त ब्रिजवरच्या कॅप्टनवर होत नाही. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दोघांवर होतो. पडद्यासमोर बसलेल्यांवर होतो. आरोप करणाऱ्याने तो सोयीपुरता एकावरच थांबवला.

इस्माइलियाच्या न्यायालयात जहाजमालकाच्या वकिलांनी दुसरी बाजू मांडली. जहाजातल्या ध्वनिमुद्रणात पायलट आणि नियंत्रण कक्ष यांच्यात वाद ऐकू येतो. वाद असा, की या हवेत जहाज कालव्यात आणावे की नाही. त्यांचे आणखी एक म्हणणे होते. एवढ्या मोठ्या जहाजाबरोबर त्याच्या आकाराला पेलतील अशा किमान दोन टगबोटी असायला हव्या होत्या. हे आरोप आहेत. ते सिद्ध झाले नाहीत आणि आता होणार नाहीत, कारण खटला तडजोडीत मिटला.

मिटणारच होता. प्राधिकरणाने आधी 91 कोटी 60 लाख डॉलर मागितले. त्यातले 30 कोटी आपली अब्रू गेल्याबद्दल. मग मागणी 55 कोटींवर आली. तोवर जहाज ग्रेट बिटर लेकमध्ये जप्त होते, 18 हजारांवर कंटेनरांसह. त्यावरचे 25 खलाशी, सगळे भारतीय. त्यातल्या बहुतेकांनी जुलैच्या 7 तारखेपर्यंतचे दिवस तिथेच मोजले. जहाज आत सोडणारे प्राधिकरण, पायलट देणारे प्राधिकरण, कारण शोधणारे प्राधिकरण, दावा लावणारे प्राधिकरण आणि पैसे मिळेपर्यंत जहाज धरून ठेवणारेही तेच. जहाजावर झेंडा पनामाचा, म्हणून रीतसर सागरी चौकशी पनामाची. आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे तिचे काम पुन्हा असे घडू नये हे पाहण्याचे. दोषी ठरवणे तिच्या कक्षेत येत नाही. तिचा अहवाल बाहेर यायच्या कितीतरी आधी हिशेब चुकता झाला होता.

बरे, हे एका जहाजापुरते असते तर गोष्ट वेगळी. जुलै 2018 मध्ये याच कालव्यात पुढचे कंटेनर जहाज बंद पडले आणि मागून येणारी तीन मालवाहू जहाजे एकमेकांवर गेली. ऑगस्ट 2023 मध्ये वायुवाहू 'बीडब्ल्यू लेस्मेस' अडकले आणि मागचे तेलवाहू 'बुरी' त्याच्यावर आदळले. दोन्ही वेळा बोट दाखवले गेले ते जहाजातल्या बिघाडाकडे. बिघाड झाला असेलही, यंत्रे बिघडतातच. पण पुढचे जहाज बंद पडल्यावर मागच्याला थांबायला पुरेल इतके अंतर त्यांच्यात होते का, हे जहाजाच्या इंजिनाला विचारून कळायचे नाही. अंतर ताफा लावणारा ठरवतो.

या कालव्याचा इतिहास पाहिला तर पायलटला सल्लागार म्हणणे जास्तच खटकते. 1956 च्या जुलैत इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालवा ताब्यात घेतला. इजिप्तला तो चालवता यायचा नाही, असे लंडन-पॅरिसला वाटत होते, आणि त्या वाटण्याचा मोठा आधार होता पायलट. सप्टेंबरच्या मध्याला, तोवर कालवा चालवणाऱ्या जुन्या कंपनीचे परदेशी पायलट एकगठ्ठा काम सोडून निघाले. इजिप्तच्या पायलटांनी, मागे राहिलेल्या आणि नव्याने आलेल्या मूठभर परदेशी पायलटांना घेऊन, जहाजे थांबू दिली नाहीत. इजिप्तला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. कालवा चालवणे म्हणजे पायलटने जहाज नेणे, हे तेव्हा साऱ्या जगाला मान्य होते. पायलट काय, नुसता सल्ला देतो, असे त्या सप्टेंबरात कैरोत कोणी म्हणाले नव्हते.

ऑगस्ट 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' पुन्हा सुएझमध्ये आले. तेच जहाज, तोच कालवा, तीच नियमपुस्तिका. या खेपेला प्राधिकरणाने त्याच्यावर ज्येष्ठ पायलटांचा गट चढवला. आणि बरोबर टगबोटी दिल्या. दोन.