जोड्या लावा

‘जोड्या लावा’ हा प्रश्न मुलांना सोपा वाटतो. कंपन्यांचा पैसा राजकारणात कसा फिरतो हे शोधणारे पत्रकारही तेच करतात. एका बाजूला देणग्या देणाऱ्यांची यादी, दुसऱ्या बाजूला सरकारकडून लाभ मिळालेल्यांची. मग नावे आणि तारखा जुळवायच्या.

याचा सर्वांत गाजलेला धडा आपल्या रायगडच्याच माणसाचा आहे. आंबेतचे बॅरिस्टर अ. र. अंतुले साहेब १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. सिमेंट तेव्हा सरकारी परवान्यावर मिळे आणि बिल्डर त्यासाठी खेटे घालत. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानच्या देणग्यांवर लिहिले. कोणी किती देणगी दिली आणि कोणाला किती सिमेंट मिळाले, याच्या जोड्या लागल्या. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला. साहेबांना खुर्ची सोडावी लागली.

“आपला माणूस होता म्हणून पाडला,” असे आपल्याकडे आजही ऐकू येते. फौजदारी खटल्यात त्यांना शिक्षा झाली नाही, पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले, हे सांगितलेच पाहिजे. पण यादी खरी की खोटी, हे माणूस कोणाचा यावरून ठरत नाही. दुसऱ्यासाठी जे माप, तेच आपल्यासाठी. तरच आपण इन्साफ मागू शकतो.

२०१८ मध्ये निवडणूक रोखे आले आणि देणगीदाराचे नाव कायद्यानेच झाकले गेले. पत्रकार पूनम अगरवाल यांनी हजार हजारांचे दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा त्यावर डोळ्यांना न दिसणारा क्रमांक सापडला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती कोर्टाने नाकारली. मार्चमध्ये आधी दोन वेगळ्या याद्या आल्या, मग क्रमांकही आले आणि पत्रकारांनी झटपट जोड्या लावल्या. हैदराबादच्या मेघा इंजिनिअरिंगने एप्रिल २०२३ मध्ये रोखे घेतले होते. पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली बोगद्याच्या कामासाठी तिची निविदा सर्वांत कमी ठरली.

इथे सावध राहायला हवे. तारखा जवळ आल्या म्हणजे लाच सिद्ध झाली असे नाही. चांगला पत्रकार इथून पुढे तहकीक सुरू करतो. निविदेच्या अटी कधी बदलल्या? इतर कंपन्या का गळाल्या? कंपनीचे म्हणणे काय?

आमच्या पनवेलमध्ये विमानतळाने जमिनीला सोन्याचा भाव आणला. रस्ते, इमारती, कंत्राटे रोज निघतात. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाकडे कोणालाही पाहता येते. पक्षांना वीस हजारांवरच्या देणग्यांचा दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. महापालिकेच्या कामांची माहिती अर्ज करून मागता येते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे कागद वाचायला शिकवा. व्हॉट्सअॅपवर आलेला आरोप पुढे ढकलण्याआधी त्यांनी एवढेच विचारावे: दोन्ही याद्या कुठे आहेत?