ताकदीचा डबा

गेल्या दिवाळीत धनत्रयोदशीच्या सकाळी आमच्या घरी एक भेट आली. खोका चांगला मोठा, वर सोनेरी कागद, त्याला लाल फीत. मुलांनी तो मोठ्या आशेने उघडला आणि त्यांचे चेहरे उतरले. आत ना काजूकतली, ना अनारसे. आत होते तीन डबे. एकात प्रथिनांची भुकटी, दुसऱ्यात रोगप्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या, आणि तिसऱ्यात साठी उलटलेल्यांना उमेद देणारी कसली तरी पूड. सोबत भाच्याची चिठ्ठी होती : "मामा, तळलेला फराळ आता पुरे. तब्येतीला जपा."

भाचा गुणी आहे आणि त्याचा हेतू चांगला होता, याविषयी मला शंका नाही. तरीही मी तो खोका साभार परत केला. भाचा नाराज झाला. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, त्याहून नाराज झाली. सणासुदीला असा विक्षिप्तपणा करण्याची माझी ही पहिलीच वेळ नसल्यामुळे घरातही कोणी माझी बाजू घेतली नाही. ती बाजू आता वाचकांपुढे मांडतो. कारण असे खोके यंदाही घरोघर जाणार आहेत.

प्रथमच सांगून टाकतो, की माझे भांडण जीवनसत्त्वांशी नाही. त्यांच्या शोधाची हकिकत मला कोणत्याही पराक्रमाच्या कथेइतकी थोर वाटते, आणि तिच्यातले एक प्रकरण आपल्या मुंबईत घडलेले आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक विचित्र पंडुरोग होई आणि पुष्कळजणी त्यात दगावत. विल्सबाईंनी या बायकांची रक्ते तपासली आणि त्या काय खातात याची चौकशी केली. अखेर यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या एका स्वस्त, काळ्या, खारट पदार्थाने हा पंडुरोग हटतो, असे त्यांनी १९३१ मध्ये जाहीर केले. त्या पदार्थातला गुणकारी अंश म्हणजे पुढे ज्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले तो. १९४५ च्या सुमारास तो अमेरिकेत कृत्रिम रीतीने तयार झाला, आणि तो तयार करणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते आपलेच यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज गर्भाच्या मज्जारज्जूतील व्यंग टळावे म्हणून जगभर स्त्रियांना हीच गोळी देतात.

या हकिकतीत क्रम कसा आहे तो पाहा. आधी रोगी, मग रक्ताची तपासणी, मग ताटाची चौकशी आणि सर्वांत शेवटी औषध. आमच्या नाशकात आज हाच क्रम उलटा झाला आहे. रविवार कारंजावर जा की गंगापूर रोडला जा, औषधाच्या दुकानात शिरताच नजरेत भरते ती डब्यांची उतरंड. गिऱ्हाईक म्हणते, "अशक्तपणा वाटतो, काहीतरी ताकदीचे द्या." दुकानदार हात वर करून एक डबा काढतो. कशाचा अशक्तपणा, किती दिवसांचा, खाता काय, हे ना तो विचारतो, ना हा सांगतो. ज्या गावात म्हसरूळला १९९८ पासून साऱ्या महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, त्या गावात निम्म्या लोकांचा वैद्य म्हणजे दुकानाचे फडताळ!

हे मी दुसऱ्यांना हसण्यासाठी लिहीत नाही. तसा डबा मागणारा मीही होतो.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, अनेक वर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेत असत. जन्मापासून शाकाहारी. पुढे कफ होतो म्हणून दूध सोडले, सांधे धरतात म्हणून दही सोडले. मग थकवा सुरू झाला. मी दुकानात गेलो आणि दुकानदाराच्या सल्ल्याने प्रथिनांचा एक डबा आणि लोह व फॉलिक ॲसिड असलेले एक टॉनिक आणले. दोन वर्षे दर महिन्याला मीच ते आणत होतो आणि आपण भावासाठी काही करतो याचे मला समाधान होते. अण्णांना थोडे बरेही वाटले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन चांगले निघाले. पायांना मुंग्या येत, त्या मधुमेहाच्या म्हणून सर्वांनी सोडून दिल्या. चालताना पायातली चप्पल निसटे आणि ती निसटल्याचे त्यांना कळत नसे. घरात आम्ही यावर विनोद करत होतो.

एका पहाटे रामकुंडाच्या पायऱ्यांवर अण्णा पडले. ज्या तरुण डॉक्टरकडे त्यांना नेले, त्याने हाड पाहिलेच, पण कंप पावणारा एक चिमटा त्यांच्या पायाच्या अंगठ्याला लावून "काही जाणवते का?" असेही विचारले. अण्णा म्हणाले, "काही नाही." दुसरा प्रश्न होता, "आजोबा, दूध घेता का?" त्या एका प्रश्नात सगळा उलगडा होता. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते; शाकाहारी माणसाला ते दूधदुभत्यातूनच मिळते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने त्याचे शोषण आणखी कमी होते. अण्णांचे बी-१२ जवळजवळ तळाला गेले होते. मग रक्त चांगले कसे? तर मी आणलेल्या टॉनिकमुळे! फॉलिक ॲसिड बी-१२ च्या अभावी बिघडलेले रक्त सुधारते, पण मज्जातंतूंचा ऱ्हास थांबवत नाही. रोग तसाच आत चालू राहतो. बाहेरची धोक्याची खूण तेवढी पुसली जाते. ती खूण मी महिन्याच्या महिन्याला पैसे मोजून पुसत होतो.

बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. अण्णा आता काठी घेऊन हिंडतात. पण तळव्यांची जाणीव पुरती परत आलेली नाही, आणि ती आता येईल असे डॉक्टरही म्हणत नाहीत.

हे एका घरचे दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते. पण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करीत आले आहेत. त्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिकजणींत बी-१२ कमी आढळले. ज्या मातांत बी-१२ कमी आणि फोलेट मात्र भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणे अधिक दिसली, असे त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे एक पारडे अंदाजाने भरत राहावे आणि दुसरे रिकामे असल्याचे कोणाच्या गावीही नसावे, हा प्रकार आमच्या एकट्या घरचा नव्हे.

आता कोणी म्हणेल, "घेतले थोडे जास्त, तर बिघडले काय? नको ते लघवीवाटे निघून जाते." काही जीवनसत्त्वांबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु 'अ' आणि 'ड' ही चरबीत विरघळणारी असल्याने शरीरात साठतात आणि अति झाली की बाधतात. फिनलंडमध्ये सुमारे २९,००० धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. गाजरातले बीटा-कॅरोटीन गोळीतून दिले तर फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल लागला तेव्हा गोळी घेणाऱ्यांतच तो रोग सुमारे १८ टक्क्यांनी अधिक निघाला. गाजर खाणाऱ्याला भिण्याचे कारण नाही. पण गाजराचे सत्त्व म्हणजे गाजर नव्हे, एवढे यातून शिकावे.

दुसरा म्हणेल, "मग सगळीच पूरके थोतांड काय?" मुळीच नाही. माझा खरा संताप येथेच आहे. जेथे त्यांचा गुण सिद्ध झाला आहे, तेथे आपण नाक मुरडतो. गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी १८० दिवस फुकट मिळते. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. तेव्हा ही गोळी काही चैन नव्हे. पण ती फुकट, म्हणून हलकी! मळमळते म्हणून मुलगी ती खिडकीतून टाकते, आणि तीच मुलगी अशक्त दिसते म्हणून बाप हजार रुपयांचा डबा आणतो. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी, एवढे सांगायला त्याला फुरसत नसते.

झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना काही महिने तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्या घरांत क्षयाचे नवे रोगी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. हा निकाल २०२३ चा आहे. डाळ-तांदूळ हे औषध ठरावे, अशी ही गोष्ट. सरकार क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होते; २०२४ च्या नोव्हेंबरात ते १००० केले. माझ्या भाच्याचा खोका या हजारात खचित बसला नसता.

आणि डबेवाल्यांचे स्वतःचे म्हणणे काय आहे? डबा फिरवून पाहा. 'औषधी उपयोगासाठी नाही', असे इंग्रजीत छापलेले असते. कायद्यानेच ते छापणे भाग आहे. पुढच्या बाजूला मात्र धावणारा घोडा, नाही तर हसणारे आजोबा. 'आरोग्यपेय' नावाचा प्रकार आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाहीच, तेव्हा त्या नावाखाली पेये विकू नका, असे केंद्र सरकारला २०२४ मध्ये ऑनलाइन दुकानदारांना बजावावे लागले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या घेऊ नका, असा सल्ला दिला. पण घोडा दिसतो, सल्ला दिसत नाही.

इकडे पेठ-सुरगाण्याकडची नागली आमच्या बाजारात येते. तिच्यात दर १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, दुधाच्या दुपटीहून जास्त. ती पिकवणाऱ्या माणसाच्या मुलांना पोटभर मिळत नाही, आणि आम्ही ती सोडून कॅल्शियमचा डबा घेतो.

म्हणून माझे मागणे साधे आहे. थकवा आला तर दुकानात जाण्याआधी डॉक्टरकडे जा. डॉक्टरांनीही नाडीबरोबर ताटाची चौकशी करावी. कमी असेल ते जरूर घ्या, सांगितले तितके आणि सांगितले तोवर. आणि दिवाळीला कोणाला डबा पाठवू नका. ज्याचे रक्त आपण पाहिले नाही त्याला औषध धाडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

भाच्याला यंदा मी आधीच पत्र टाकले आहे. करंज्या पाठव म्हणून लिहिले आहे, अण्णांना आवडतात. आणि खाली एक ओळ : तुझी आई पंधरा वर्षे मेटफॉर्मिन घेते आणि दुधाला शिवत नाही, भाऊबीजेला तिला नाशकाला आणशील तेव्हा तिची बी-१२ ची तपासणी करून मगच आण. त्याचे पैसे ओवाळणीत मी घालीन.